नानांनी पास केलेला फोटो

माझ्याकडे कॅमेरा आला तेव्हा पोट आणि टक्कल दोन्ही आधीच येऊन स्थिरावली होती. या वयात माणसं एक तर मधुमेह धरतात, नाहीतर अध्यात्म. मी फोटोग्राफी धरली. बायकोचं म्हणणं असं की मधुमेह परवडला असता, त्याला निदान पथ्य तरी असतं.

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका पॅकेजिंगच्या कारखान्यात खरेदी अधिकारी आहे. दिवसभर पुठ्ठ्याच्या खोक्यांवरून घासाघीस करणं हा माझा धंदा. त्यात मी बऱ्यापैकी निर्दय आहे. पण उल्हासनगरच्या कॅमेऱ्याच्या दुकानात शिरलो की माझा पार मेणाचा पुतळा व्हायचा. तिथला सिंधी दुकानदार मला लांबूनच ओळखायचा. "आओ साईं, बैठो," म्हणायचा आणि चहा सांगायचा. पहिल्या भेटीत तो म्हणाला, "कॅमेरा मस्त है, पण साईं, फोटो कॅमेरा थोडीच काढतो? फोटो लेन्स काढते." मी लेन्स घेतली. पुढच्या खेपेला म्हणाला, "लेन्स क्या करेगी साईं, हात हिलता है तो? ट्रायपॉड लो." मी ट्रायपॉड घेतला. मग फिल्टर, मग फिल्टर ठेवायची पिशवी, मग पिशवीवर घालायचं पावसाळी कव्हर. शेवटी एक दिवस तो स्वतःहूनच म्हणाला, "अब सब हो गया साईं. अब फोटो निकालो." ते मला जरा लागलं.

फोटो मी काढत नव्हतो असं नाही. बदलापूर पश्चिमेला बेलवलीत आमचं घर आहे. तिथून नदी जवळ, डोंगर समोर, आणि रविवार रिकामा. मी मोबाइलवर तासन्‌तास व्हिडिओ बघून अॅपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओ यांचं त्रैराशिक पाठ केलं होतं. लग्नाला गेलो तरी आधी उजेड कुठून येतोय ते बघायचो आणि मग नवरा-नवरी. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, काय असतो हे मी सोसायटीच्या वॉचमनलाही समजावून सांगितलं होतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि पाण्याचा टँकर आल्याचं सांगितलं.

आम्हा हौशी मंडळींचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यात कुणीही काहीही टाकलं तरी "अप्रतिम टिपलंय सर" आणि "काय लाइट आहे!" असे पंधरा अंगठे येतात. एकदा खिशात चुकून निघालेला गुडघ्याचा फोटो माझ्याकडून तिथे गेला, त्यालाही दोन अंगठे आले. अशा कौतुकावर पोट भरत नाही. मला खरं परीक्षण हवं होतं, आणि खरं परीक्षण करणारा माणूस माझ्याच घरात, गॅलरीतल्या खुर्चीवर बसलेला होता. तो म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना नाना म्हणतो.

नाना अंबरनाथच्याच एका यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीस होते. सबंध नोकरी त्यांनी एकच काम केलं: दुसऱ्याने बनवलेला माल हातात घ्यायचा, मोजायचा आणि तीनपैकी एक शब्द उच्चारायचा. पास, रीवर्क किंवा रिजेक्ट. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पण शब्द सुटले नाहीत. आमच्याकडे पोळी रीवर्कला जाते, इस्त्रीवाल्याचा शर्ट रिजेक्ट होतो, आणि माझी बायको पहिल्यांदा सून म्हणून घरात आली तेव्हा तिच्या हातचा चहा पिऊन नाना "पास" म्हणाले होते. ती अजून ते आल्यागेल्याला सांगते. मला मात्र उभ्या आयुष्यात तो शब्द ऐकायला मिळाला नव्हता. दहावीच्या निकालालासुद्धा नाहीच. बोर्डाने पास केलं, नानांनी रीवर्क सांगितलं.

तर रविवारी नाश्ता झाला की मी नानांपुढे फोटो ठेवायचो. छापलेलेच. स्क्रीनवरचा माल ते तपासत नसत. "स्क्रीनला मागून दिवा असतो," ते म्हणायचे, "मागून दिवा लावला की कुणीही सुंदर दिसतं." म्हणून मी उल्हासनगरच्या एका लॅबमधून मोठ्या आकाराचे प्रिंट काढून आणायचो. नाना ते गॅलरीच्या उजेडात धरायचे, भिंगातून कोपरा न्‌ कोपरा बघायचे, फोटो पालथा करायचे आणि तांबड्या पेन्सिलीने मागे निकाल लिहायचे. रिजेक्ट लिहिलं की खाली कारण. कारणाशिवाय त्यांनी कधी काही रिजेक्ट केलं नाही.

अंबरनाथच्या शिवमंदिराचा फोटो मी वाइड अँगल लेन्सने, जमिनीवर जवळजवळ लोळण घेऊन काढला होता. नाना म्हणाले, "देऊळ मागे पडतंय." मी म्हटलं, खालून काढलं की रेषा वर जाताना आत झुकतात, लेन्सचा गुण आहे तो. नाना म्हणाले, "इतकी शतकं उभं आहे बिचारं. तुझ्या हाताने पडायला नको." खरवईच्या नव्या टॉवरांमागचा सूर्यास्त मी कमीजास्त उजेडाची तीन एक्स्पोजर जोडून केला, रंग चढवले. मागे लिहून आलं: आकाशाला कावीळ. बायकोचं एक पोर्ट्रेट काढलं, अॅपर्चर होतं तेवढं उघडून, एक डोळा लख्ख आणि बाकी सगळं लोण्यासारखं विरघळलेलं. मला वाटलं आता तरी. नानांनी भिंग खाली ठेवलं आणि सुनेला हाक मारून विचारलं, "तुला दुसरा कान आहे ना गं?"

आणि क्षितिज. माझं क्षितिज कधीच सरळ येत नाही. कॅमेऱ्यात त्यासाठी लेव्हल आहे, ती हिरवी झाली की बटण दाबायचं, एवढंच काम. ती हिरवी होते, मी खूश होऊन श्वास सोडतो आणि त्या श्वासासरशी क्षितिज उजवीकडे घसरतं. मी नानांना सांगून पाहिलं की बदलापूरची जमीनच तशी आहे. नाना म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." अंगण हा शब्द त्यांनी डोंगराकडे बोट करून उच्चारला होता.

हे सगळं मी हसत सांगतोय, पण मला हसू येत नसे. पन्नाशीच्या माणसाने वडिलांच्या एका शब्दासाठी पहाटे उठून चिखलात जावं हे शोभत नाही, कळत होतं. तरी मी जात होतो. मला तो शब्द हवा होता आणि तो ग्रुपवरच्या सगळ्या अंगठ्यांना मिळून भारी होता, हेच खरं.

गेल्या दिवाळीनंतर मात्र एक फरक पडला. नाना फोटो ठेवून घेऊ लागले. "असू दे इथे, बघतो मग," म्हणायचे आणि विषय बदलायचे. कधी म्हणायचे, "आज ऊन नाही." कधी भिंग सापडायचं नाही. महिनामहिना एकही रिजेक्ट नाही. मी काय समजावं? मी समजलो, त्यांना दोष सापडेनात. माझा हात बसला. ग्रुपवर मी तसं सूचकपणे लिहिलंसुद्धा, की चांगला समीक्षक गप्प बसतो तेव्हा कलाकाराने ओळखावं. लगेच अंगठे आले.

याच झोकात मी बारवीच्या जलाशयाकडे गेलो. योजना मोठी होती. भल्या सकाळी, वारा नसताना, काळा फिल्टर लावून शटर अर्धा मिनिट उघडं ठेवायचं. त्याने पाणी काचेसारखं होतं आणि डोंगर आणि डोंगराचं प्रतिबिंब एकावर एक ठेवल्यासारखं दिसतं. ट्रायपॉडचे पाय काठच्या ओल्या मातीत रोवले. फिल्टर इतका काळा की त्यातून काही दिसत नाही, म्हणून आधी फोकस करून मग फिल्टर चढवायचा आणि मग श्वास रोखून उभं राहायचं. जवळच्या पाड्यावरची एक बाई गवताचा भारा घेऊन चालली होती. काठाशी कमरेत वाकून, न हलता, न बोलता पाण्याकडे बघत असलेला माणूस बघून ती थांबली.

"काय पडलाय का पान्यात, दादा?" तिने विचारलं.

मी मानेनेच नाही म्हटलं, कारण शटर उघडं होतं. तिला काय वाटलं कोण जाणे. भारा तसाच डोक्यावर ठेवून ती माझ्याजवळ उभी राहिली आणि शटर बंद होऊन मी सरळ झालो तेव्हाच पुढे गेली. तिची काळजी खरी होती. मी तिला फोटोग्राफी समजावून सांगण्याच्या आत ती निघून गेली, हे तिचं नशीब.

मी बऱ्याच फ्रेम काढल्या. एका फ्रेमच्या मध्यात ट्रायपॉडचा एक पाय हळूच मातीत खचला. घरी स्क्रीनवर बघितलं तर तिच्यात डोंगर एकाचे दोन, झाडं दोनाची चार आणि सगळा जलाशय उजवीकडे सांडायला निघालेला. ती फ्रेम पुसायची राहिली. तिच्या पुढची मात्र बावनकशी होती. मी तिचा नंबर लॅबला पाठवला आणि शनिवारी ऑफिसातून येताना पाकीट घेऊन आलो. उघडलं नाही. लॅबवाल्याने चिकटवलेलं पाकीट नानांपुढे तसंच ठेवायचं, सीलबंद माल, असा माझा तोरा होता.

रविवारी नानांनी पाकीट फोडलं. फोटो गॅलरीच्या उजेडात धरला. मी आत चहा घेत पडद्याआडून बघत होतो, निकालाच्या दिवशी शाळेच्या खिडकीतून बघावं तसा. त्यांनी भिंग घेतलं, ठेवलं. फोटो जवळ नेला, लांब नेला, मान जराशी वाकडी केली. मग पालथा करून मागे काहीतरी लिहिलं आणि परत पाकिटात सारला.

"काय, नाना?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"पास," नाना म्हणाले.

मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. दुसऱ्यांदा विचारून निकाल बदलायला मी काही वेडा नव्हतो. स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितलं, तर तिचे हात पिठात तसेच थांबले. "खरंच?" ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा वेगळं काहीतरी होतं, पण ते वाचायला मला फुरसत नव्हती. मी पायात चप्पल सरकवून जिलबी आणायला निघालो होतो. सोसायटीत दिसेल त्याला जिलबी दिली. कशाबद्दल विचारलं तर "काही नाही, असंच, घरगुती आनंद," असं म्हणालो. वॉचमनला वाटलं नातू झाला. ग्रुपवर लिहिलं, "आज माझ्या सर्वांत कठोर समीक्षकाने मान तुकवली." उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तो मीच.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर पाकीट घेऊन उल्हासनगरला गेलो, फ्रेम करायला. नानांच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर तो लावायचा, असं ठरवून टाकलं होतं. फ्रेमवाल्याने पाकिटातून प्रिंट काढला, टेबलावर ठेवला आणि डोकं खाजवलं.

"साहब, ये तो हिला हुआ है," तो म्हणाला.

मी फोटोकडे बघितलंही नाही. फ्रेमवाल्याकडे बघितलं, दयेने. गाढवाला गुळाची चव काय, असं मनात म्हणून मी त्याला लाँग एक्स्पोजरवर एक छोटंसं व्याख्यान दिलं. पाणी कसं वाहतं, वेळ कसा साठतो, डोळ्याला जे दिसत नाही ते कॅमेऱ्याला कसं दिसतं. पुढे म्हटलं की हा फोटो अशा माणसाने पास केलाय, ज्याच्या हातून चाळीस वर्षं एक वाकडा खिळा सुटला नाही. फ्रेमवाला ऐकून घेणारा माणूस होता. "हां साहब," तो म्हणाला, "पर पहाड दो हैं."

मग मी बघितलं. डोंगर दोन होते, झाडं चार होती आणि जलाशय उजवीकडे सांडत होता. लॅबला नंबर पाठवताना मी एका आकड्याची चूक केली होती. फोटो पालथा केला. मागे नानांचं अक्षर होतं, पण ओळीत नव्हतं. पास हा शब्द कोपऱ्यात सुरू होऊन कडेवरून घसरत खाली गेला होता.

इथे मी शहाण्यासारखं काही केलं असतं तर सांगितलं असतं. मी आधी लॅबवाल्यावर मनातल्या मनात चिडलो. मग रिक्षात बसल्यावर मला एक कल्पना सुचली आणि ती आठवली की मला आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं. मला वाटलं, नानांना अमूर्त कला कळू लागली. या वयात दृष्टी बदलली त्यांची, असं मी अक्षरशः मनात म्हणालो. म्हणालो आणि स्वतःचे शब्द स्वतःलाच ऐकू आले.

मग एकेक आठवायला लागलं. चहा कपाच्या कडेवर सांडत होता. पेपर नाना हातात धरायचे, पण पानं उलटत नव्हते, आणि दुपारी सुनेला म्हणायचे, "काय विशेष आज? वाच बघू." समोरून हाक मारणाऱ्याला आवाजावरून ओळखून मग नाव घ्यायचे. माझ्याशी बोलताना माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघायचे. मला वाटायचं लक्ष नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन कधीच होऊन गेलं होतं, म्हणजे डोळ्यांचं काम झालं, असं आम्ही धरून चाललो होतो. लग्नात आधी उजेड बघणारा, सावलीतली सावली टिपणारा मी. दिव्याखाली अंधार म्हणतात, तसा त्यांच्याबरोबर एकाच घरात राहत होतो.

घरी येऊन बायकोला फोटो दाखवला. तिने तो पालथा करून मागचं अक्षर बघितलं.

"अहो, मला शंका होतीच," ती म्हणाली. "मागे एकदा डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर माझ्यावर ओरडले. काल पास म्हणाले म्हटल्यावर मला वाटलं, चला, दिसतंय म्हणजे. तुम्ही इतके खूश होतात."

त्या शेवटच्या वाक्याने मला जिलबीची किळस आली.

मी लॅबकडून योग्य प्रिंट काढून आणला. खरोखर चांगला होता, आरशासारखं पाणी, त्यात डोंगर. नानांच्या हातात दिला. परीक्षा घ्यायची नव्हती मला, चूक फक्त त्या एका फोटोची निघावी एवढीच इच्छा होती. त्यांनी तो हातात घेतला तोच उलटा, डोंगर खाली आणि प्रतिबिंब वर. गॅलरीच्या उजेडात धरला. भिंग घेतलं, ठेवलं. मान वाकडी केली. मी मनात म्हणत होतो, फिरवा नाना, फिरवा. रिजेक्ट म्हणा. काहीही कारण द्या.

"हाही पास," नाना म्हणाले.

"नाना," मी म्हटलं, "तो उलटा आहे."

त्यांनी फोटो खाली ठेवला नाही. उजेडाकडे धरलेला तसाच धरून ठेवला. समोर रस्त्यावर भाजीची गाडी ओरडत गेली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मधलं जातं," ते म्हणाले. "कडेचं दिसतं. भिंत दिसते, भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही. तू दारात उभा राहिलास की दार दिसतं, तुझे पाय दिसतात. तोंड नसतं."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर उद्यापासून माझ्यामागे माणूस लावला असतास. नदीपर्यंत एकटा जातो तेवढं तरी राहू दे म्हटलं."

मला राग आला. त्यांचा, माझा, त्या पाकिटाचा, सगळ्याचाच. मी जरा चढ्या आवाजातच म्हटलं, "पण मग पास कशाला करायचं? रिजेक्ट म्हणायचं नेहमीसारखं! मला कळलं तरी असतं का?"

नाना माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडे, बघून म्हणाले, "रिजेक्ट करायला कारण लिहावं लागतं. पास करायला काही लागत नाही."

मी फोटो त्यांच्या हातातून घेतला आणि आत गेलो. माझं रडू मी कॅमेऱ्याच्या पिशवीवर ओणवून आवरलं, बघणाऱ्याला वाटावं लेन्स पुसतोय.

त्याच आठवड्यात आम्ही त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती, नानांना आजोबा म्हणत होती आणि मोठ्याने, स्पष्ट बोलत होती. थेंब घालून, यंत्रासमोर हनुवटी टेकवायला लावून तिने नानांच्या डोळ्यांच्या पडद्याचे फोटो काढले आणि संगणकावर मला दाखवले. मी सवयीने आधी एक्स्पोजर बघितलं. फोटो उत्तम होते. फोकस अचूक, रंग खरे, शीर न्‌ शीर वेगळी. आमच्या घरातल्या कुणाचाही इतका निर्दोष फोटो आजवर निघाला नव्हता. त्याच्या बरोबर मधोमध एक गढूळ डाग होता. "हा भाग झिजलाय," डॉक्टर म्हणाली. "डाव्यातलं बरंच गेलंय, ते परत येणार नाही. उजव्यात सुरू झालंय. वेळेवर इंजेक्शनं घेतली तर आहे तेवढं राखता येईल. थोडं लवकर यायला हवं होतं." ती हे सहज बोलली. मी त्या फोटोकडेच बघत राहिलो.

मग तिने नानांना खुर्चीत बसवलं, चष्मा दिला, डावा डोळा हाताने झाकायला सांगितला आणि एक छापील कागद हातात दिला. वहीच्या पानासारखी चौकटींची जाळी, मध्ये एक ठिपका.

"आजोबा, ठिपक्याकडे बघा आणि मला सांगा, रेषा सगळ्या सरळ दिसतात का?"

नाना खुर्चीत ताठ झाले. मी त्यांना इतकं ताठ कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं. कुणीतरी त्यांच्या हातात माल देऊन निकाल विचारला होता. त्यांनी कागद उजेडाकडे वळवला, अंगठ्याने कड चाचपली, अंतर कमीजास्त केलं. वेळ घेतला. डॉक्टरने मध्ये काही बोलण्यासाठी तोंड उघडलं, तिला मी हाताने थांबवलं.

"रिजेक्ट," नाना म्हणाले. "मधल्या उभ्या रेषा आत वळल्यात. ठिपक्याच्या उजवीकडची तर तुटलीच आहे. छपाईत कागद सरकला असणार. दुसरा द्या."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मग कपाटातून तसाच दुसरा कागद काढून दिला. नानांनी तोही तितकाच वेळ तपासला.

"हाही तसाच. सगळा लॉटच खराब आहे, बाई. छापखान्याला परत पाठवा."

"आजोबा," डॉक्टर हळू आवाजात म्हणाली, "कागद बरोबर आहेत."

नानांनी कागदाची कड पुन्हा एकदा चाचपली. कागद मांडीवर ठेवला. झाकलेल्या डोळ्यावरचा हात तसाच होता. मग त्यांनी तो कागद उचलून अंदाजाने माझ्या दिशेने धरला.

"तू बघ रे," ते म्हणाले. "तुला काय दिसतं?"

मी कागद घेतला. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. रेषा सरळ होत्या. तरी मी बघत राहिलो, भिंग लावल्यासारखा, एकेक रेष वरून खाली, कारण एखादी तरी वाकडी सापडावी असं मला मनापासून वाटत होतं. सापडली नाही.

"सरळ आहेत, नाना," मी म्हटलं.

आता ते माझं म्हणणं हाणून पाडतील, याची मी वाट बघत होतो. तुला सरळ रेष कधी कळली, असं काहीतरी म्हणतील. म्हणायलाच हवं होतं त्यांनी. त्यासाठी मी कॅमेरा, लेन्सा, ट्रायपॉड, सगळं त्या खोलीत ठेवून घरी गेलो असतो.

नानांनी डोळ्यावरचा हात काढला.

"बरं," ते म्हणाले. "तू बघितलंस ना? मग असतील सरळ."